पणजोबांची मेडलं 'सन्मानासाठी' नेली आणि नकली आणून दिली, घरात जुनी मेडलं असतील तर वाचा

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची लढाईतली मेडलं कपाटात ठेवलेली आहेत त्यांनी हे प्लीज पूर्ण वाचा आणि घरातल्या मोठ्या माणसांना वाचून दाखवा, कारण हे लोक त्यांनाच गाठतात. आमच्याकडे ग्वाल्हेरला हे घडलंय, लष्कर नावाच्या भागात, माझ्या मोठ्या काकांच्या घरी.

आमचे पणजोबा ११० व्या मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले आणि तिथल्या कूत गावाच्या वेढ्यात अडकले. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला तो वेढा, धान्य संपत आलं, घोडी कापायची वेळ आली आणि आपल्या बऱ्याच शिपायांनी ते मांस कितीतरी दिवस तोंडात घेतलं नाही, शेवटी शरणागती, १३ हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या कैदेत गेली आणि त्यातली हजारो घरी आलीच नाहीत. पणजोबा आले. त्यांना इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल हे शौर्यपदक मिळालेलं, घरात सगळे आयडीएसएम म्हणायचे, आणि बरोबर १९१४-१५ चा स्टार, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल. पुढे आजोबा शिंदे संस्थानच्या नोकरीत ग्वाल्हेरला आले तेव्हा ही चारही इकडे आली. दसऱ्याला शस्त्रांबरोबर त्यांची पूजा व्हायची, एवढं त्यांचं महत्त्व.

तर तो माणूस काकांना गणपतीत भेटला, कुणाच्या तरी ओळखीने. पन्नाशीचा, मराठी अगदी स्वच्छ, काकूंना पहिल्याच भेटीत वाकून नमस्कार. व्हिजिटिंग कार्डावर अशोकस्तंभ छापलेला आणि खाली 'वॉर मेडल रिसर्चर' असं काहीतरी. (खाजगी माणसाने कार्डावर राजमुद्रा छापणं हाच गुन्हा आहे, २००५ चा कायदा आहे त्यासाठी, हे लक्षात ठेवा, कार्ड बघूनच अर्धी माणसं ओळखता येतील.)

आणि बोलणं असं की काका दोन तास उठले नाहीत जागेवरून. नाईक यशवंत घाडगे यांची गोष्ट सांगितली त्याने, १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं, त्यांच्या छोट्या तुकडीतले सगळे पडले आणि हा माणूस एकटा मशीनगनवर धावून गेला, ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच झोडपून मारलं आणि मग लपलेल्या शत्रूच्या गोळीने तिथेच गेले. मग शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनिओ नदी, दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून मागे आणलं आणि परत फिरून तीन मशीनगनची ठाणी गप्प केली. दोघेही मराठा पलटणीचे, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. परमवीर चक्राचं डिझाईन सावित्रीबाई खानोलकरांनी केलं, त्यावर इंद्राचं वज्र आहे, जन्माने त्या परदेशी पण लग्न करून आपल्यात आलेल्या, हेही त्यानेच सांगितलं. काकूंच्या डोळ्यात पाणी आलं होतं.

हे सगळं खरं आहे हो. मी नंतर एकेक तपासलं, एकही तारीख चुकीची नव्हती. आणि मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते की त्या माणसांच्या रक्ताच्या गोष्टी याने चोरी करायला वापरल्या. खरी माहिती सांगणारा माणूस खोटा कसा असेल असंच कुणालाही वाटतं.

खोटं आलं ते यानंतर. म्हणे दिल्लीत शौर्यपदक मिळालेल्यांच्या वंशजांचा सन्मान होतोय, आणि सरकारकडे तुमच्या पणजोबांच्या पदकाचा भत्ता इतकी वर्षं थकलाय तो काढून देतो, फक्त मेडलं व्हेरिफिकेशनला न्यावी लागतील आणि फाईलचे साडेअकरा हजार. असा काही भत्ता पणतवंडांना नसतो! वीरपदकाचा भत्ता ज्याला पदक मिळालं त्याला आणि त्याच्या मागे त्याच्या बायकोला मिळतो, १०० वर्षांपूर्वीच्या मेडलावर आपल्याला कुणी काही देत नाही. कुणी असं म्हणालं की तिथेच दार बंद करा.

मेडलं परत आली ती निळ्या मखमलीच्या डब्यात, नवी रिबन लावून, चकचकीत. काका खूश, सगळ्यांना फोटो पाठवले. मी दिवाळीला गेले तेव्हा हातात घेतली आणि पहिल्यांदा कड बघितली, कारण लहानपणी पणजोबांचं नाव त्या कडेवर बोट फिरवून वाचायचो आम्ही भावंडं.

कड कोरी होती.

आता हे नीट समजून घ्या. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. स्टारला कड नाही म्हणून त्याच्या मागच्या बाजूला असते. आयडीएसएमच्याही कडेवर नाव असतं. स्टार, वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल लाखोंनी वाटली गेली त्यामुळे नुसत्या धातूला किंमत फारशी नाही, किंमत त्या नावाला आहे, कारण नावावरून पलटण कळते, पलटणीवरून लढाई कळते, आणि कूतसारख्या वेढ्यातल्या माणसाचा शौर्यपदकासकट अख्खा सेट म्हटल्यावर बाहेरचे कलेक्टर चांगले पैसे मोजतात. त्यात आयडीएसएम १९०७ मध्ये सुरू झालं आणि १९४७ ला बंद झालं. व्हिक्टोरिया क्रॉस तर आपल्या शिपायांना १९११ पर्यंत मिळूच शकत नव्हता, पहिला मिळाला खुदादाद खान यांना, ३१ ऑक्टोबर १९१४ च्या बेल्जियममधल्या लढाईसाठी. म्हणजे आपल्या लोकांच्या शौर्याचा पुरावा म्हणून ही छोटी चांदीची मेडलं किती मोलाची आहेत बघा.

सराफ्यात ओळखीच्या सराफांकडे नेली. त्यांनी कसोटीला लावून लगेच सांगितलं, चांदी नाही, जर्मन सिल्व्हर आहे, म्हणजे चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू. आयडीएसएम आणि ब्रिटिश वॉर मेडल दोन्ही चांदीची असायला हवी होती. रिबनही नायलॉनची. काकू म्हणाल्या, "अगं पण किती चकाकतायत." काका काहीच बोलले नाहीत, त्या दिवशी जेवलेही नाहीत.

फोन अर्थातच बंद. पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, आधीची मेडलं वेगळी होती याला पुरावा काय? घरात फोटो होता पण समोरून काढलेला, कड दिसत नाही. नशीब की आजोबांच्या एका वहीत त्यांच्या अक्षरात पणजोबांचा नंबर आणि कडेवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवलेला सापडला, त्यावर तक्रार लिहून घेतली. पैसे ऑनलाईन गेले होते म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईन नंबरला पण फोन केला, तो लगेच करायचा असतो, जितका उशीर तितकं अवघड.

तुम्ही आजच करा असं एवढंच सांगते: मेडल उभं धरून कडेचे फोटो काढा, गोल फिरवत, अक्षर न अक्षर दिसेल असे. सराफाकडे वजन करून ते लिहून ठेवा. पॉलिश करू नका, कुणी 'साफ करून देतो' म्हणालं तरी नाही, घासून घासून अक्षरं झिजतात. आणि पदक खरं मिळालं होतं का हे बघायला मेडल कुणाच्या हातात द्यायची गरजच नाही, इंग्रजांच्या काळातली बरीच शौर्यपदकं लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात छापलेली आहेत, ते फुकट बघता येतं, आणि स्वातंत्र्यानंतरची परमवीर, महावीर, वीर चक्रं संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या वेबसाईटवर नावासकट आहेत. खरा अभ्यासक तुमच्या घरी बसून फोटो काढून घेईल, वस्तू मागणार नाही.

शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू आपल्याकडच्या १९७२ च्या कायद्याने देशाबाहेर विकायला नेता येत नाही, त्यामुळे आमची अजून इथेच कुठेतरी असतील अशी आशा आहे. ग्वाल्हेर, झाशी, आग्रा, दिल्ली, कुठेही जुन्या वस्तूंच्या दुकानात किंवा ऑनलाईन लिलावात ११० व्या मराठा पलटणीचा आयडीएसएम, स्टार आणि दोन मेडलं असा चारचा सेट दिसला, किंवा कडेवरचं नाव ताजं घासल्यासारखं दिसलं, तर फोटो काढा आणि मला मेसेज करा, वहीतला नंबर मी लगेच ताडून बघेन.