नँड फ्लॅशवर लिहिताना ब्लॉक गेला: वगळायचा की बदलायचा?

लिनक्समध्ये नँड फ्लॅशवर (वीज गेली तरी डेटा टिकवणाऱ्या चिपवर) लिहिताना एखादा ब्लॉक, म्हणजे एकदम पुसला जाणारा भाग, दगा देतो, तेव्हा मुख्यतः दोन वाटा उरतात.

पहिली वगळण्याची. ‘नँडराइट’ या लिहिण्याच्या कमांडला ‘-एम’ पर्याय दिला की फसलेला ब्लॉक खराब म्हणून नोंदवला जातो आणि तोच डेटा पुढच्या ब्लॉकमध्ये लिहिला जातो. सोपं आहे, पण ब्लॉक १२८ केबीचा असेल तर पुढचं सगळं १२८ केबीने सरकतं. वाचणाऱ्या बूटलोडरनेही (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामनेही) तोच ब्लॉक वगळायला हवा. क्वचितच बदलणाऱ्या कर्नल इमेजसाठी (लिनक्सच्या गाभ्याच्या फाइलसाठी) एवढं पुरतं.

दुसरी यूबीआयची, म्हणजे फ्लॅशचे ब्लॉक सांभाळणाऱ्या थराची, जी २००७ पासून कर्नलमध्ये आहे. इथे तार्किक क्रमांक तोच राहतो, त्यामागचा प्रत्यक्ष ब्लॉक बदलतो. आधी लिहिलेला भागही नव्या ब्लॉकमध्ये हलवला जातो. मला खरं पटतं ते यापुढचं: जुन्या ब्लॉकला लगेच बाद करत नाहीत. तो पुसून, वेगवेगळे नमुने लिहून, परत वाचून तपासतात. नापास झाला तरच खराब ठरतो. खराब ब्लॉकांच्या जागी वापरायचे राखीव ब्लॉक मूळ सेटिंगनुसार दर १०२४ मागे २०. ते संपले, इतर मोकळे ब्लॉकही नसले आणि आणखी एक गेला, की यूबीआय लिहिणंच थांबवतं. म्हणून राखीव ब्लॉकांचा आकडा अधूनमधून तपासायलाच हवा.

सतत लिहिल्या जाणाऱ्या डेटासाठी माझं मत ठामपणे यूबीआयला.