बोहरी आळीतलं नळाच्या सामानाचं दुकान : जुना पार्ट सोबत घेऊन जा

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, सोसायटीत कॉर्पोरेशनचं पाणी आणि बोअरचं पाणी मिक्स येतं त्यामुळे नळांवर पांढरा थर ठरलेलाच. किचनच्या सिंकचा मिक्सर, म्हणजे गरम-गार पाण्याचा नळ, दोन महिने टपकत होता. एका ॲपवरून प्लंबर बोलावला, त्याने पाना पण बाहेर काढला नाही, नुसतं बघून म्हणाला मॅडम पूर्ण बदलावा लागेल, बत्तीसशे. व्हिजिटचे पैसे गेले ते वेगळेच. खूप राग आला मला. मग शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं आधी बोहरी आळीत विचारून तर ये.

रविवार पेठेत गाडी अजिबात नेऊ नका, मेट्रोने मंडईला उतरून चालत जा. दुकान आळीत आत आहे, पाटीवरची अक्षरं पार पुसली गेलीत म्हणून नाव सांगता येत नाही, पण दारात पीव्हीसीचे पाइप उभे आणि काउंटरमागे भिंतभर छोटे छोटे खण. मी फोनमधला नळाचा फोटो दाखवला तर काका म्हणाले, "ताई, फोटोवरून दाते कसे मोजू? स्पिंडल काढून आणा, आणि वरचं हँडल पण." स्पिंडल म्हणजे हँडलखालचा दात्यांचा भाग, ज्याने नळ उघडबंद होतो.

तेव्हा वैताग आला खरं, पण घरी येऊन सिंकखालचे दोन्ही अँगल कॉक बंद केले, हँडलचा स्क्रू काढला, भावाने पान्याने स्पिंडल सोडवलं आणि सोमवारी परत गेले. काकांनी ते उघडून आतल्या दोन सिरॅमिकच्या चकत्या काढल्या, एकीवरून नख फिरवलं आणि मला पण फिरवायला लावलं. केसाएवढी रेघ लागत होती हाताला. म्हणाले ही शुक्रवारची माती. गुरुवारी पाणी बंद ठेवतात ना, शुक्रवारी पहिलं पाणी गढूळ येतं, त्यातली कचकच या चकत्यांमध्ये अडकते आणि आपण नळ उघडबंद करतो तशी ओरखडे पाडते. शुक्रवारी सकाळी आधी मोरीतला साधा नळ सोडायचा, पाणी स्वच्छ झालं की मगच मिक्सर उघडायचा, हे मला आजपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं!!

माझं हँडल नव्या स्पिंडलवर बसवून बघितलं, पहिल्यावर बसेना, दुसऱ्यावर बसलं. १८० रुपये. बाथरूमच्या जुन्या चुडीच्या (गोल फिरवून आवळायच्या) नळाचा वायसर पण नेला होता, तो दगडासारखा कडक होऊन मधे गोल खाच पडलेली, नवा ५ रुपयाला. असा नळ टपकायला लागला की लोक जोर लावून आवळतात आणि त्यानेच वायसर अजून कापला जातो असं काका म्हणाले, आमच्या घरी सगळे तेच करत होते. टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची हे पण त्यांनी हातात धरून दाखवलं, उलटी गुंडाळली की आवळताना सुटून येते.

नळाच्या तोंडाची जाळी मी नवीन मागितली, ती त्यांनी दिलीच नाही, म्हणाले अर्धा तास व्हिनेगरमध्ये टाका क्षार सुटतील. खरंच सुटले. मोरीतून वास येतो म्हणून झुरळाची जाळी मागितली तर विचारलं गावाला गेला होता का? महिनाभर घर बंद होतं आमचं. म्हणाले, नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखाली साठून राहणारं पाणी सुकलं की गटाराचा वास सरळ वर येतो, बादलीभर पाणी ओता. वास गेला. ज्या दुकानदाराने दोन वस्तू विकायच्या नाकारल्या त्याच्यावर माझा विश्वास बसला.

नावडलेलं पण सांगते. सकाळी अकरा ते एक प्लंबर लोकांची गर्दी असते, तेव्हा काका कुणालाच काही समजावत नाहीत, तुटक बोलतात. चारनंतर जा. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत आणि एकदा टेप लावून बसवलेला पार्ट परत घेत नाहीत.

मिक्सर पंधरा दिवस झाले एक थेंब टपकलेला नाही. काकांनी सांगितलं होतं तसं काल फ्लश टँकमध्ये खायचा लाल रंग टाकला, वीस मिनिटं फ्लश केला नाही आणि खाली भांड्यात गुलाबी पाणी उतरलं. म्हणजे तो पण गळतोय, आवाज न करता, देव जाणे किती महिने. शनिवारी टँकमधल्या सायफनचं (फ्लशचं पाणी सोडणाऱ्या भागाचं) रबर काढून घेऊन जातेय.