महाबळेश्वरचा बंगला आणि आमचे एकोणचाळीस हजार रुपये

उन्हाळ्याच्या सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी बंगला भाड्याने देतो असे सांगून आगाऊ रक्कम घ्यायची आणि नंतर तीच रक्कम परत करण्याच्या निमित्ताने आणखी पैसे काढून घ्यायचे, असा एक सराईत प्रकार सध्या चालू आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या कुटुंबाचे त्यात 39,000 रुपये गेले. ज्या घरांत या दिवसांत सुट्टीचे बेत चालू आहेत, त्यांना या प्रकाराची प्रत्येक पायरी आधीच ठाऊक असावी, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही अकोल्याचे. येथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, कूलरमधूनही गरम वारा येऊ लागतो, आणि दम्याचा त्रास असलेल्या माझ्या सासूबाईंना दुपारची झोप तर सोडाच, धड श्वासही घेता येत नाही. त्यामुळे आमच्याकडे थंड हवेच्या ठिकाणाचा विचार केवळ हौस म्हणून होत नाही, आणि ठिकाण निवडतानाही आम्ही प्रथम उंची पाहतो. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने सुमारे 620 मीटरवरचे लोणावळे आणि 800 मीटरवरचे माथेरान पावसाळ्यात कितीही देखणे असले, तरी मे महिन्याच्या दुपारी तेथे आजारी माणसाला फारसा दिलासा मिळत नाही. शिवाय माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी वाहन जात नाही, ही वृद्धांच्या दृष्टीने मोठी अडचण आहे. चिखलदरा आम्हाला सर्वांत जवळचे आणि उंचीनेही 1,100 मीटरच्या आसपास आहे. महाबळेश्वर मात्र 1,372 मीटरवर, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर असल्याने तेथे समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याचाही लाभ होतो. सासूबाईंचा विचार करून आम्ही महाबळेश्वर ठरवले.

पण ऐन हंगामात तेथे तळमजल्यावरची खोली, स्वयंपाकघर आणि दारापर्यंत गाडी या तिन्ही गोष्टी एकत्र मिळणे कठीण असते. फसवणाऱ्यांना ही टंचाई आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते. माझ्या मुलीला मोबाइलवर ज्या बंगल्याची जाहिरात दिसली, त्यात नेमक्या याच सोयी लिहिलेल्या होत्या. तीन खोल्या, स्वयंपाकघर, अंगणात झोपाळा, वृद्धांसाठी तळमजला, आणि भाडे रात्रीला 6,500 रुपये. आजूबाजूच्या दरांपेक्षा ते थोडे कमी होते, पण संशय यावा इतके कमी नव्हते. छायाचित्रे भरपूर होती, नकाशावर बंगल्याची खूण होती आणि तिच्याखाली कौतुकाचे अभिप्राय होते.

दिलेल्या क्रमांकावर फोन केला तेव्हा पलीकडचा तरुण स्वच्छ, अदबशीर मराठीत बोलला. त्याने मला पहिल्या वाक्यापासून ‘काकू’ म्हटले, सासूबाईंच्या प्रकृतीची चौकशी केली आणि ‘आजींसाठी गरम पाण्याची सोय खोलीतच आहे’ असे आपणहून सांगितले. लगेच पैसेही मागितले नाहीत. ‘दुसरी एक पार्टी विचारते आहे, पण तुमच्यासोबत आजी आहेत, म्हणून संध्याकाळपर्यंत तुमच्यासाठी थांबतो,’ असे म्हणून त्याने फोन ठेवला. बँकेचे किंवा पोलिसांचे नाव सांगून धमकावणाऱ्या चोरांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. येथे धमकी नव्हती, जिव्हाळा होता. घाई करणारा माणूस आपली सोय पाहतो आहे असे वाटले की त्या घाईचा संशय येत नाही, आणि या प्रकारातील सर्वांत धोकादायक भाग मला हाच वाटतो.

चार रात्रींचे 26,000 रुपये ठरले आणि निम्मी रक्कम, म्हणजे 13,000 रुपये, आगाऊ मागितली गेली. पैसे पाठवताना पडद्यावर खातेदाराचे जे नाव आले, त्याचा बंगल्याच्या नावाशी काहीही संबंध नव्हता. विचारल्यावर ‘ते आमचे हिशेबनीस आहेत’ असे उत्तर मिळाले. पैसे पोचताच बंगल्याच्या नावाचे आणि जीएसटी क्रमांक छापलेले बिल आले. त्यानंतर तासाभरात पुन्हा फोन. बिल पूर्ण रकमेचे निघते, अर्धी रक्कम संगणक घेत नाही, म्हणून 26,000 रुपये एकदम भरा, आधीचे 13,000 दहा मिनिटांत आपोआप परत येतील, असे सांगण्यात आले. तेव्हा अर्धे पैसे आधीच त्यांच्याकडे गेलेले होते, रेल्वेची तिकिटे काढून झाली होती आणि पलीकडचा आवाज पूर्वीसारखाच मृदू होता. दुसरी रक्कम गेली ती अशी.

खरा डाव त्यापुढे होता. परतावा अडकला आहे, तो सोडवण्यासाठी मी पाठवतो ती चौकोनी खूण (क्यूआर कोड) मोबाइलने वाचा, समोर येणाऱ्या रकान्यात ‘परतावा क्रमांक 39013’ टाका आणि पिन दाबा, असे तो सांगू लागला. माझे यजमान शेजारीच होते. ज्या रकान्यात तो क्रमांक टाकायला सांगत होता, तो रकाना रकमेचा आहे, हे त्यांच्या लक्षात आले. पिन दाबला असता तर 39,013 रुपये आणखी गेले असते. यूपीआयमध्ये पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही. खात्यातील शिल्लक पाहण्यासारखी कामे सोडली, तर पिन मागितला जातो तो पैसे आपल्या खात्यातून जाण्यासाठीच. घरातील प्रत्येकाला, विशेषतः मोबाइलवरून व्यवहार करणाऱ्या वडीलधाऱ्यांना, हे एक वाक्य पाठ करून द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. यजमानांनी नकार देताच आवाजातला मृदूपणा गेला, शिवीगाळ झाली आणि फोन बंद झाला.

माझा भाचा वाईला नोकरीला आहे. पसरणीचा घाट चढून तो दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरला गेला आणि छायाचित्रांवरून त्याने तो बंगला शोधून काढला. बंगला खरा होता. झोपाळाही होता. पण तो एका कुटुंबाचा राहता बंगला होता, तो कधीच भाड्याने दिला जात नव्हता, आणि मालकांना या जाहिरातीची कल्पना नव्हती. तेथील रखवालदाराने सांगितलेली हकिगत ऐकून मला आमच्या पैशांचे दुःख काही काळ आठवले नाही. त्या हंगामात कितीतरी कुटुंबे सामानासह त्या फाटकाशी येऊन उभी राहिली होती. काही तर रात्री उशिरा, झोपलेली लहान मुले खांद्यावर घेऊन. हातातले बिल दाखवून ती रखवालदाराशी भांडत, मग तो दिलेल्या क्रमांकावर फोन लावायला सांगे आणि तो बंद लागे. अनोळखी गावात, हंगामाच्या गर्दीत, त्या लोकांनी त्या रात्री कोठे आसरा घेतला असेल याचा विचार आजही मनातून जात नाही. आमचे पैसे गेले, पण आम्ही घरी होतो.

भाचा ती जाहिरात पाहत असताना त्याने जे दाखवून दिले, ते महाबळेश्वरची माहिती असलेल्या कोणालाही दिसले असते. वेण्णा तलाव चालत पाच मिनिटांवर आणि टेबल लँड अंगणातून समोर, असे तेथे लिहिले होते. टेबल लँड पाचगणीला आहे आणि पाचगणी वेण्णा तलावापासून कित्येक किलोमीटर दूर. ‘स्टेशनवरून मोफत गाडी, दहा मिनिटांत बंगला’ असेही आश्वासन होते. महाबळेश्वरला रेल्वे स्थानक नाही. साताऱ्याला किंवा वाठारला उतरून रस्त्याने वर चढावे लागते आणि त्यात दीड-दोन तास सहज जातात. मे महिन्याची म्हणून दाखवलेली छायाचित्रे हिरवीगार होती, त्यांत दाट धुके होते आणि लिंगमळ्याचा धबधबा भरून कोसळत होता. ती दृश्ये पावसाळ्यातली. मे महिन्यात तेथील माती लाल आणि कोरडी असते, आणि धबधब्याची धार असलीच तर बारीक असते. ‘मे महिन्यातही दुपारी 18 अंश’ हा दावाही खोटाच, कारण तेव्हा महाबळेश्वरची दुपार तिशीच्या आसपास असते; गारवा लागतो तो पहाटे आणि रात्री. जो माणूस खरोखर तेथे राहतो, त्याच्याकडून अशी चूक होणार नाही. म्हणून बुकिंग करण्यापूर्वी त्या ठिकाणाविषयी साधे प्रश्न विचारावेत. वाईहून वर यायला कोणता घाट लागतो, बंगल्यापासून एसटी स्थानक किती दूर आहे, पाण्याचे टँकर येतात का. उत्तर द्यायला वेळ लागला किंवा विषय पुन्हा पैशांकडे वळवला गेला, तर तेथेच थांबावे.

बिलावरच्या जीएसटी क्रमांकानेही पुष्कळ काही सांगितले. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरे व्यावसायिकाच्या पॅनची. महाराष्ट्राचा अंक 27 आहे. आमच्या बिलावरचा क्रमांक 09 ने सुरू होत होता, म्हणजे नोंदणी उत्तर प्रदेशातील. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही क्रमांक टाकून व्यवसायाचे नाव पाहता येते. तेथे पाहिले तेव्हा तो क्रमांक निवासव्यवस्थेशी संबंध नसलेल्या एका दुकानाचा निघाला. करही 18 टक्के लावला होता. त्या वेळी रोज 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 12 टक्के कर होता आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला आहे. नकाशावरच्या खुणेवरही विसंबून राहू नये, कारण तेथील दूरध्वनी क्रमांकात बदल सुचवण्याची सोय कोणालाही उपलब्ध असते आणि तिचा गैरवापर होतो. शक्य असेल तर स्थिर दूरध्वनीचा क्रमांक मागावा. महाबळेश्वर-पाचगणीचा संकेतांक 02168 आहे. याहून खात्रीचा उपाय म्हणजे व्हिडिओ कॉलवर बंगल्याचे फाटक, समोरचा रस्ता आणि शेजारची दुकाने त्याच क्षणी दाखवायला सांगणे. आमच्या पाठोपाठ माझ्या बहिणीने एका जाहिरातदाराकडे ही मागणी केली, तेव्हा त्याने ‘येथे रेंज नाही’ असे सांगून फोन ठेवला आणि तिचे पैसे वाचले.

फसवणूक झालीच, तर पहिला तास फार मोलाचा असतो. आम्ही 1930 या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर लगेच फोन केला. तेथे व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम आणि बँकेचे नाव विचारतात, म्हणून हे सर्व कागदावर लिहून मगच फोन लावावा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तीच तक्रार छायाचित्रांसह भरली. दुसऱ्या रकमेपैकी काही भाग पुढच्या खात्यात गोठवला गेला आणि तो न्यायालयाच्या आदेशाने आम्हाला परत मिळाला. पहिली रक्कम तोवर अनेक खात्यांतून फिरून काढली गेली होती. ज्याच्या नावाने पैसे गेले, त्याने आपले खाते थोड्या पैशांसाठी दुसऱ्याला वापरायला दिले होते, असे तपासात कळले. बँकेकडून भरपाई मिळाली नाही. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने ग्राहकाला जे संरक्षण दिले होते, ते त्याच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होते. पिन आम्ही स्वतः दाबलेला असल्याने बँकेने ते लागू केले नाही. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेचे कलम 318 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-ड यांखाली गुन्हा नोंदवता येतो, आणि घटना कोणत्याही हद्दीत घडली तरी जवळच्या ठाण्याने तक्रार घेणे बंधनकारक आहे. ‘महाबळेश्वरला जाऊन तक्रार करा’ असे कोणी सांगितले तर तेथून उठू नये.

आम्ही त्या उन्हाळ्यात शेवटी चिखलदऱ्याला गेलो. निवास सरकारी संकेतस्थळावरून घेतला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने महाबळेश्वर, माथेरान, चिखलदरा, भंडारदरा अशा ठिकाणी आहेत आणि तेथे पैसे महामंडळाच्याच नावाने जमा होतात. दुपारी तेथे ऊन जाणवले, पण रात्री पांघरूण लागले आणि सासूबाई शांत झोपल्या. खासगी बंगला हवाच असेल, तर थोडी रक्कम आगाऊ आणि उरलेली पोचल्यावर, या अटीवर तयार होणारे मालक आहेत. आग्रह धरला तर ते सापडतात.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल 2025 मध्ये यात्रेकरू आणि पर्यटकांना बनावट बुकिंगबद्दल सावध केले होते. ती सूचना आमच्यापर्यंत फसवणूक झाल्यानंतर पोचली. आम्ही तो दूरध्वनी क्रमांक दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सुविधेत नोंदवला आणि नकाशावरची खोटी खूणही काढून टाकायला लावली. काही महिन्यांनी तेच अंगण आणि तोच झोपाळा पाचगणीच्या एका बंगल्याच्या जाहिरातीत, नव्या नावाने आणि नव्या क्रमांकासह पुन्हा दिसला. तोही क्रमांक आम्ही नोंदवला आहे. आपल्याला असे काही आढळले, तर पैसे गेले नसले तरी तो क्रमांक तेथे अवश्य नोंदवावा.