केनबेतपुढे फिर्याद की देवाचा कौल? देर अल-मदिनातील दोन न्यायमार्ग

इजिप्तमधील आजच्या लक्सर शहरासमोर, नाईलच्या पश्चिम काठाकडील डोंगरात, फेरोंची थडगी कोरणाऱ्या कारागिरांचे देर अल-मदिना हे गाव होते. इ.स.पू. १२०० च्या आगेमागे या गावात कोणाची उधारी बुडाली, वस्तू चोरीस गेली किंवा वाटणीवरून तंटा उभा राहिला, तर फिर्यादीपुढे मुख्यतः दोन मार्ग असत: केनबेत हे गावातील न्यायमंडळ आणि देवत्व पावलेला राजा पहिला आमेनहोतेप याचा कौल. खापऱ्या, चुनखडीच्या चिपा आणि पपायरस यांवरील नोंदी टिकून राहिल्यामुळे या दोहोंपैकी कोणता मार्ग केव्हा पत्करावा, हे आजही बऱ्यापैकी ठरवता येते.

केनबेतमध्ये पेशेवर न्यायाधीश नव्हते. कामावरचे मुकादम, लेखक आणि गावातील काही मान्यवर कारागीर बसत, वकील नसल्याने पक्षकार आपली बाजू स्वतः मांडत आणि अमून देव व राजा यांच्या नावाने शपथ घेत. आपल्याकडच्या गोतसभेची ओळख असलेल्यांना हे चित्र परके वाटणार नाही. या मंडळाचे खरे बळ साक्षीदारांसमक्ष झालेल्या नोंदीत होते. पाचव्या रामसेसच्या राज्याच्या ३ ऱ्या वर्षी नाउनाख्ते या स्त्रीने १४ साक्षीदारांच्या मंडळासमोर आपल्या आठ अपत्यांपैकी म्हातारपणी तिची हेळसांड करणाऱ्यांना आपल्या हिश्शातून वगळले. वडिलांच्या हिश्शावरील त्यांचा हक्क मात्र तिने मान्य केला. इतका बारीक भेद हो किंवा नाही एवढेच सांगणाऱ्या कौलातून निघणे कठीण होते.

केनबेतची दुबळी बाजू म्हणजे अंमलबजावणी. मेन्ना या कारागिराने तिसऱ्या रामसेसच्या १७ व्या वर्षी ताज्या चरबीचे एक मडके मेन्तमोसे या पहारेकऱ्यांच्या प्रमुखाला उधार दिले. प्रतिवादीने सातूच्या रूपात किंमत चुकवण्याचे कबूल केले, मेन्नाने त्याच्याविरुद्ध तीनदा फिर्याद केली, आणि तरीही १८ वर्षांनंतर मेन्तमोसे ‘पैसे न दिल्यास मला शंभर फटके आणि दुप्पट भरपाई’ अशी नवी शपथ घेताना दिसतो. प्रतिवादी अधिकारी असेल, तर निकाल मिळूनही वसुली होईलच असे नाही, हे फिर्यादीने आधीच गृहीत धरलेले बरे.

कौलाची पद्धत कोकण-गोव्यातील वाचकांना सहज उमगेल. देवाची मूर्ती पुरोहितांच्या खांद्यावरून मिरवत असे आणि प्रश्न विचारल्यावर ती पुढे आली तर होकार, मागे सरली तर नकार समजला जाई. काही वेळा लेखी प्रश्नही मूर्तीपुढे ठेवले जात. चोर कोण हेच ठाऊक नसेल, साक्षीदार नसेल, तेव्हा संशयितांची नावे एकामागून एक देवापुढे वाचता येत, आणि ही सोय केनबेतमध्ये नव्हती. पण मूर्ती वाहणारे पुरोहित म्हणजे गावातीलच कारागीर होते. शेजाऱ्यांच्या खांद्यावरून आलेल्या उत्तरात शेजाऱ्यांचे मत मिसळत नसेल, असे मानणे मला तरी जड जाते.

शिवाय कौलाने प्रकरण मिटेलच असेही नव्हते. थीब्ज (लक्सरच्या जागचे प्राचीन शहर) परिसरातील एका पपायरसवर पाच अंगरख्यांच्या चोरीची हकिकत आहे. स्थानिक अमूनने एका शेतकऱ्याला दोषी ठरवले, तो मान्य करीना, म्हणून तो दुसऱ्या व तिसऱ्या गावच्या अमूनकडे गेला. सर्व देवांनी त्याचेच नाव घेतल्यावर अखेर त्याने कबुली दिली आणि मार खाल्ला.

संशयित ठाऊक असेल, तर केनबेतला झडतीचा मार्ग होता. दुसऱ्या सेतीच्या ६ व्या वर्षी नेबनेफरने पुरून ठेवलेले तांब्याचे हत्यार हेरिया या स्त्रीने चोरल्याची फिर्याद केली. तिने शपथेवर नाकारले, मात्र तिच्या घरात ते हत्यार तर सापडलेच, शिवाय देवळातील भांडीही सापडली. अपराध मृत्युदंडास पात्र ठरत असल्याने प्रकरण वजिराकडे गेले, कारण तितकी कठोर शिक्षा देणे गावच्या मंडळाच्या हाती नव्हते.

त्यामुळे वारसा, वाटणी किंवा ज्याचा प्रतिवादी ठाऊक आहे असा कोणताही दावा केनबेतकडेच न्यावा, असे माझे मत आहे. कौल राखून ठेवावा तो निनावी चोरासाठी, आणि तोही आपल्या मूर्तीवाहकांशी आपले बरे असेल तरच.