सामूहिक वस्तीची कार्यशाळा : लातुरातील अनुभव

आम्ही काही कुटुंबे सामाईक वस्तीच्या विचारात असल्याने लातुरातील एका संस्थेच्या दोन दिवसांच्या सशुल्क कार्यशाळेस गेलो. १९१० मध्ये गालील सरोवराकाठी वसलेल्या देगानिया या पहिल्या किबुत्झपासून (किबुत्झ म्हणजे आजच्या इस्रायलमधील ज्यूंची सामूहिक मालकीची वस्ती) धार्मिक किबुत्झांतील शब्बाथपर्यंत (ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस) उदाहरणे घेत, कोणती मूल्ये सर्वांनी लेखी मान्य करावीत आणि कोणती प्रत्येक घरावर सोडावीत, हे प्रशिक्षकांनी नेमकेपणाने उलगडले. मुलांना आईवडिलांपासून वेगळे झोपवण्याची किबुत्झांतील प्रथा पुढे का मोडली, यावरील चर्चा सर्वांत मोलाची ठरली. पैशांचा भाग मात्र घाईत उरकला. शनिवारी तेलघाणे बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हटल्या गेलेल्या कोकणातील बेने इस्रायल ज्यूंचा उल्लेखही नव्हता, हे खटकले. पिठलं-भाकरीचे जेवण उत्तम होते. छापील टिपणे अखेरपर्यंत मिळाली नाहीत.