ताई, तुमच्याकडची हवाच दमट

गुलाबाच्या रोपांत मी फसले, आणि फसले हे कळायला मला जवळजवळ दीड वर्ष लागलं. एवढा उशीर का, तर विकणाऱ्याकडे प्रत्येक तक्रारीला एकच उत्तर तयार होतं: "ताई, तुमच्याकडची हवाच दमट." उष्ण, दमट हवेत गुलाब आजारी पडतो हे खरंच आहे. त्या खऱ्याच्या आड त्याचं खोटं आरामात लपलं.

जाहिरात ऑनलाइन पाहिली होती. "दमट हवेसाठी खास, काळे ठिपके न पडणारे" अशी चार कलमं, पैसे आधी. चारांतला एक गुलाब निळा! खरं तर इथेच थांबायचं होतं. निळेपणा देणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य गुलाब स्वतः बनवतच नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुक बदलून ते गुलाबात आणल्याचं २००४ मध्ये जाहीर केलं, २००९ मध्ये ती फुलं विक्रीला काढली, आणि तीसुद्धा दिसतात फिकट जांभळीच. हे मी वाचलेलं होतं. तरी फोटो बघून विरघळले. हौसेला मोल नाही म्हणतात. माझ्या हौसेला अक्कलही नव्हती.

खोकं आलं तेव्हा दोन रोपांवर फुलं होती. उरलेली दोन, म्हणजे तो निळा आणि एक 'काळा', नुसतीच हिरवी होती. खोडाला प्लास्टिकची फीत गुंडाळलेली, गळ्यात फोटोची चिठ्ठी. फोनवर सूचना मिळाल्या. मुळाशी असलेला मातीचा गोळा फोडायचा नाही. फीत वर्षभर सोडायची नाही, सांध्यात दमट हवा शिरली तर कलम कुजतं. छाटणी करायची नाही. मी सगळं निमूटपणे पाळलं.

फुलांचं पहिलं रोप दोन महिन्यांत गेलं. उपटून पाहिलं तर मुळं चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात अडकलेली, बाहेरच्या भुसभुशीत मातीत एकही आलेलं नाही. आतला चिखल कायम ओला, मुळं काळी. उत्तर आलं, "हवा दमट, पाणी जास्त झालं." मला पटलंही.

दुसऱ्यावर पावसात काळे ठिपके आले. कडा झालरीसारख्या पसरलेल्या, भोवती पान पिवळं, मग पानगळ. त्यावर त्याने बिनलेबलची एक बाटली विकली. रोज संध्याकाळी पानं चिंब होईपर्यंत फवारा, आठ दिवसांत डाग पुसले जातील. आता या दोन वाक्यांत किती लबाडी होती ते सांगते. ठिपका पडलेलं पान पुन्हा कधीच स्वच्छ होत नाही. कुठलंही औषध फार तर नव्या पानाला वाचवतं, त्यामुळे डाग पुसून देतो म्हणणारा एक तर अडाणी असतो किंवा चोर. शिवाय हा रोग ज्या बुरशीचा, त्या डिप्लोकार्पन रोझीच्या बीजाणूंना पान सलग सातेक तास ओलं मिळालं की ते आत शिरतात. संध्याकाळी भिजवलेलं पान दमट हवेत रात्रभर वाळत नाही. म्हणजे मी रोज स्वतःच्या हाताने रोगाचं अंथरूण घालत होते. झाड काठ्यांचा सांगाडा होऊन गेलं.

गंमत पुढेच आहे. फीतवाली दोन्ही रोपं मात्र ठणठणीत! एक ठिपका नाही, फांद्या सहा-सात फूट लांब. बाटलीचाच गुण, असं समजून मी दुसरी बाटली मागवली. (हसा, मीही आता हसते.)

थंडी सरल्यावर 'निळ्या'वर फुलं आली. पांढरी, पाच पाकळ्यांची, नाण्याएवढी, घोसाने. आठवड्यात दुसऱ्यावरही तीच. रोपवाटिकेत काम केलेल्या ओळखीच्या एका काकांना दाखवलं. त्यांनी फुलाकडे बघितलंसुद्धा नाही, पानाचा देठ उलटा केला. "ही देठाच्या बुडाची उपपर्णं बघ, कंगव्यासारखी झालर आहे ना? हा मल्टिफ्लोरा. डोळा, म्हणजे चांगल्या जातीचा अंकुर, भरायला खालचं मुळाचं झाड म्हणजे खुंट म्हणून लावतात तो." मग फीत कापली. खाली गुळगुळीत, अखंड साल. काप नाही, डोळा नाही, काही नाही. मला कलमाच्या नावावर नुसते खुंट विकले होते. मल्टिफ्लोरा काळ्या ठिपक्यांना सहसा दाद देत नाही, म्हणून ती ठणठणीत. बाटलीचा काही संबंध नव्हता. आणि फीत वर्षभर ठेवायची हेही थोतांड, डोळा धरला की तीन-चार आठवड्यांत ती सोडायचीच असते. वर्षभराची मुदत फक्त त्याला गायब व्हायला हवी होती. मी फोन केला तेव्हा नंबर बंद होता. खोकं उघडतानाचा व्हिडिओ नाही, पावती नाही. तक्रार करताना दाखवायला माझ्याकडे फक्त दोन रिकाम्या बाटल्या.

आता मी रोप फूल बघूनच घेते, आणि खोडावर सांध्याची गाठ बोटाने चाचपते. फीत असेल तर विकणाऱ्यासमोर सोडायला सांगते. तो नको म्हणाला की मी निघते. गोळा भिजवून चिकण माती हलक्या हाताने काढते. पाणी सकाळी, तेही मुळाशी. सकाळचं ऊन आधी पोचेल अशी जागा, आणि दोन झाडांत वारा खेळेल एवढं अंतर. 'ओल्ड ब्लश', 'म्युटाबिलिस' असे जुने चायना गुलाब उकाड्यात आधुनिक मोठ्या फुलांच्या जातींपेक्षा बरेच तग धरतात. ठिपके त्यांनाही येतात, पण पानं झडूनही ते उठून उभे राहतात.

मल्टिफ्लोरा मी उपटले नाहीत. काकांनी दोन्हींवर 'ओल्ड ब्लश'चे डोळे भरून दिले. चौथ्या आठवड्यात फिती सोडल्या. 'काळ्या'वरचा डोळा वाळून गेला होता. 'निळ्या'वरचा हिरवा होता, आणि टोकाला किंचित लाल.