कॉलेजच्या समुपदेशन कक्षात सात महिने : अकरा सेशननंतरचा अनुभव

पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले होते आणि ते मी घरी सांगितलं नव्हतं. दोंडाईच्याजवळचं आमचं गाव, कोरडवाहू कापूस, त्याच पैशातून माझी फी. जुलैत जळगावला होस्टेलवर परतलो तेव्हापासून रात्री दोन-अडीचपर्यंत डोळा लागेना. सकाळी प्रॅक्टिकलची वेळ झाली की छातीत धडधडायचं, मग मी जायचोच नाही. रूममेट म्हणाला, "काउन्सेलर मॅडमकडे जाऊन तर ये, पैसे लागत नाहीत." गेलो. फेब्रुवारीपर्यंत अकरा सेशन झाले. आमच्याकडची मुलं दारापर्यंत जाऊन परत फिरतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

पहिल्या दिवशी फॉर्म असतो. त्यात पालकांचा नंबर मागतात, तिथेच माझा पेन थांबला. मॅडमनी ते पाहिलं आणि सांगितलं, "इथलं बोलणं घरी जात नाही, प्राचार्यांकडेही नाही. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला तरच मी कुणाला कळवेन, आणि तेही शक्यतो आधी तुला सांगून." हे समजल्यावरच सही करा, शंका असेल तर तिथेच विचारा. मग नऊ प्रश्नांचा कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, लक्ष लागणं, यातला त्रास किती दिवस झाला, प्रत्येकाला ० ते ३ गुण. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. तो वाचून दचकायला होतं, पण खरं उत्तर लिहा. माझे २७ पैकी १६ आले. उरलेला वेळ घर, गाव, मित्र, जेवण, जुनी आजारपणं यातच गेला. पंचेचाळीस मिनिटं संपली आणि उपाय एकही सांगितला नाही. मी वैतागून बाहेर पडलो.

दुसऱ्या वेळी तर आणखी वाईट वाटलं. दाबून ठेवलेलं वर आल्यामुळे त्या संध्याकाळी मेसमध्ये जेवणही गेलं नाही. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं होऊ शकतं. बरीच मुलं इथेच सोडतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, तिसऱ्यांदा जा.

कारण तिसऱ्या वेळी मी अहिराणीत बोललो. तोपर्यंत पुस्तकी मराठीत "मला ताण येतो" असं काहीतरी सांगत होतो. त्या दिवशी तोंडून निघून गेलं, "मन्हा जीव घाबरस मॅडम." त्यांनी पुढचा प्रश्न अहिराणीतच विचारला आणि मी दहा मिनिटं नुसता रडलो. त्यांनी घाई केली नाही, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तुमची अहिराणी असो, तावडी असो, भिलोरी असो, घरी बोलता त्याच बोलीत सांगा. समोरच्याला शब्द कळला नाही तर तो विचारेल.

त्यानंतर खरं काम सुरू झालं. एका वहीत झोपायची आणि उठायची वेळ लिहायची. टाळलेल्या गोष्टींची यादी केली, तेव्हा सगळ्याचं मूळ अपुऱ्या जर्नलमध्ये सापडलं. सर रागावतील म्हणून प्रॅक्टिकल नाही, हजेरी कमी म्हणून आणखी भीती. त्या आठवड्याचं काम एवढंच ठरलं : सरांना भेटून किती प्रयोग राहिलेत ते विचारायचं. चार राहिले होते. मला वाटत होतं सगळंच बुडालं. दिवाळीत बाबांना विषय राहिल्याचं सांगितलं. ते वाक्य आधी मॅडमसमोर तीनदा म्हणून पाहिलं होतं. डिसेंबरात तोच नऊ प्रश्नांचा कागद पुन्हा भरला, ७ आले.

समुपदेशक गोळ्या देत नाहीत. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. माझ्या ओळखीच्या एकाला सिव्हिलला पाठवलं, त्याला औषधाने फरक पडला. मॅडम आठवड्यातून दोनच दिवस येतात, परीक्षेच्या तोंडावर पंधरा दिवस नंबर लागत नाही. तारीख आधीच घेऊन ठेवा. रात्री-अपरात्री जीव कासावीस झाला तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

एक तक्रार मात्र मनापासून आहे. कक्ष ऑफिसला लागून आहे. सप्टेंबरात एका कर्मचाऱ्याने फी भरायच्या रांगेसमोर माझं नाव घेऊन ओरडून विचारलं, "काउन्सेलिंगला आलास का?" वर्गातल्या दोघांनी ऐकलं. पुढचं सेशन मी चुकवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा हक्क म्हणून लिहिलेला आहे. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक ठेवायला सांगितलं. नुसता माणूस नेमून भागत नाही, दारही नीट हवं. आम्ही सहा जणांनी अर्ज दिल्यावर नावाऐवजी टोकन सुरू झालं. बाकडं अजून ऑफिससमोरच आहे. तिथे बसायला संकोच वाटत असेल तर चारची वेळ मागून घ्या, तोवर फीची खिडकी बंद झालेली असते.